ब्रिस्टलचं जॉर्जियन हाऊस आई-बाबांना कसं दाखवावं?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात राहणाऱ्या एकांचे आई-बाबा सांगली जिल्ह्यातून पहिल्यांदाच येणार आहेत. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचं जॉर्जियन हाऊस, म्हणजे साखरेच्या एका व्यापाऱ्याच्या जुन्या घराचं संग्रहालय, त्यांना दाखवायचं आहे. प्रश्नकर्ते स्वतः एकदा जाऊन आले आणि चाळीस मिनिटांत बाहेर पडले. 'खुर्च्या, टेबलं, पलंग, संपलं. वर गुलामांबद्दल वाचून मन खट्टू झालं. बाबांची साखर कारखान्यात तीस वर्षं गेली, साधा सरळ माणूस. त्यांना हे सगळं सांगू, की नुसतं घर दाखवून आणू?'

मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. सुरुवातीची वर्षं पुण्यात आणि वाईत वाड्यांवर गेली, नंतरची चौदा इंग्लंडच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात. या घरात मी कितीदा गेले ते मोजलेलं नाही. कधी कामानिमित्त, बहुतेक वेळा पाहुण्यांना घेऊन. त्यामुळे तुमचा वैताग माझ्या ओळखीचा आहे. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण असेच बाहेर पडतात.

पण तुम्हाला अडचण खुर्च्या-टेबलांची आलेली नाही. घर रिकामं वाटलं, कारण त्याचा अर्धा भाग तिथे नाहीच. तो अटलांटिकपलीकडे, वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस नावाच्या बेटावर आहे, इथून साडेसहा हजार किलोमीटरवर. ब्रिस्टलला दिसतो तो दिवाणखाना. गुऱ्हाळ तिकडे होतं. आणि बाबा साखर कारखान्यात होते हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी तर म्हणते, या घरासाठी याहून चांगला पाहुणा मिळायचा नाही.

आधी दोन गोष्टी परिस्थितीवर सोडते. आई-बाबांचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत नाही. घर चार मजल्यांचं आहे, जिने बरेच आहेत, आणि बाहेरचा पार्क स्ट्रीटचा चढ तर धडधाकट माणसालाही दम आणतो. गुडघे कुरकुरत असतील तर वरचा मजला सोडा, तळघर सोडू नका. दुसरं, लहान मुलं बरोबर असतील तर माझा पुढचा बेत निम्म्यावर आणा. हिवाळ्यात हे संग्रहालय काही महिने बंद असतं, तेव्हा निघण्याआधी वार आणि वेळ बघून घ्या.

आता घराण्याबद्दल. याशिवाय खोल्या बोलायला लागत नाहीत.

घर १७८८ ते १७९१च्या सुमारास बांधलं गेलं, जॉन पिनी या साखरेच्या व्यापाऱ्यासाठी. आराखडा विल्यम पेटी या ब्रिस्टलच्याच वास्तुविशारदाचा मानतात. जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३० या काळात ओळीने चार जॉर्ज गादीवर आले, तो जमाना. आई-बाबांना काळाचा अंदाज द्यायचा तर सांगा, की या घराचे दगड चढत होते तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते.

पिनी मूळचे डॉर्सेटचे. १६८५ साली ड्यूक ऑफ मॉनमथने राजाविरुद्ध बंड केलं, त्यात अझराया पिनी हा तरुण सापडला. पासष्ट पौंड मोजून त्याचा जीव वाचला आणि त्याची रवानगी नेव्हिसला झाली. म्हणजे या घराण्याचा वेस्ट इंडीजमधला मूळपुरुष स्वतःच हद्दपार केलेला कैदी होता. पुढे त्याच बेटावर मळे उभे राहिले. आपला जॉन जन्माने प्रेटर. १७६२ साली नात्यातल्या पिनींची इस्टेट त्याच्याकडे आली आणि त्याने आडनाव बदललं. आपल्याकडच्या दत्तक प्रकरणाची आठवण व्हावी असं. १७६४ साली, चोविशीत, तो नेव्हिसला गेला. पुढच्या वर्षी त्याने माणसं विकत घेतली. माणूस बाजारात मांडलेला पहिल्यांदा बघून आपल्याला धक्का बसला, असं त्याने पत्रात लिहिलंय. त्याच पत्रात पुढे म्हणतो, की देवाने ही माणसं आमच्याच उपयोगासाठी नेमलेली असणार. तसं नसतं तर त्याने काहीतरी खूण दाखवली असती. धक्का एका वाक्यात आणि त्यावरचा उतारा लगेच पुढच्या वाक्यात. या घरात फिरताना मला हे पत्र हटकून आठवतं.

नेव्हिस म्हणजे केवढं? सुमारे त्र्याण्णव चौरस किलोमीटर, मधोमध एक डोंगर. आपला एखादा तालुका याच्या दसपट भरेल. त्यावर पिनींचा माउंटट्रॅव्हर्स हा मळा. तिथे काय चालायचं ते मी तुम्हाला सांगण्यापेक्षा तुम्ही बाबांना विचारा, कारण प्रक्रिया त्यांच्या ओळखीची आहे. ऊस तोडला की दिवसाच्या आत-बाहेर गाळायचा, नाहीतर रस आंबतो. तीन उभ्या रुळांचा चरक, तो वाऱ्यावर नाहीतर जनावरांवर फिरायचा. रस पन्हळीतून काहिलींकडे. काहिली एका रांगेत, मोठीपासून धाकटीपर्यंत, खाली चिपाडांचा जाळ. चुना घालायचा, वर येणारी मळी काढत राहायची, आणि लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका काहिलीतून पुढच्या काहिलीत ढकलायचा. शेवटच्या काहिलीपाशी जाणता माणूस उभा असे. तो पाक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून तार बघायचा आणि 'उतरवा' म्हणायचा. माझ्या आजोळी हातकणंगल्याकडे गुऱ्हाळ होतं. तिथला गुळव्या अगदी हेच करायचा, आणि आजोबा त्याला सगळ्यांच्या आधी चहा पाजायचे, कारण आधणाचं बरंवाईट त्याच्या हातात. नेव्हिसचा गुळव्याही तेवढाच कसबी होता. फक्त तो विकत घेतलेला होता, आणि त्याची किंमत वहीत इतरांपेक्षा जास्त लावलेली असे.

एक गोष्ट मात्र आजोळी नव्हती. वेस्ट इंडीजमधल्या चरकांपाशी कुऱ्हाड ठेवत. रात्रपाळीत डोळा लागून ऊस घालणाऱ्याचा हात रुळात ओढला गेला, तर चरक थांबेपर्यंत वेळ नसे. हात तोडून माणूस वाचवायचा. हे बाबांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझा अंदाज, कारखान्यातला माणूस हे ऐकून गप्प होईल, पण त्याला ते खोटं वाटणार नाही.

पाक थंड झाला की दाणेदार, ओलसर, तपकिरी साखर मोठ्या लाकडी पिंपांत भरायची. पिंपांना तळाशी भोकं. त्यातून काकवी गळत राहायची, तिची रम. गळून कोरडी झालेली पिंपं जहाजावर, आणि कित्येक आठवड्यांनी ब्रिस्टलच्या धक्क्यावर. पांढरी करायचे कारखाने इथे शहरातच होते.

हे डोक्यात घेऊन घरात शिरा, आणि दारातून वर न चढता थेट तळघरात जा. हा माझा एकच हट्ट. त्याचं कारणही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत इथल्याच एका शहरातल्या व्यापाऱ्याच्या घराचा अहवाल माझ्याकडे आला होता. मी साठ पानं लिहिली. त्यातली चाळीस छताच्या गिलाव्यावर, तळघरावर अर्धं पान: 'साठवण आणि इतर सोयी'. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने कागद चाळले आणि मला खाली नेऊन जिन्यावर उभं केलं. दगडी पायऱ्यांचा मधला भाग ताटासारखा खोलगट झाला होता. वरचा, पाहुण्यांचा जिना जवळपास सपाट. "बाई, घर कोण वापरत होतं ते दगडाला माहीत आहे," एवढंच म्हणाला. अहवाल मी पुन्हा लिहिला. तेव्हापासून कुठल्याही जुन्या घरात आधी झिजलेली पायरी शोधते. वाड्यात जातं, रांजण आणि मागचं दार बघते, तसंच.

जॉर्जियन हाऊसच्या तळघरात स्वयंपाकघर आहे, धुण्याची खोली आहे, घरकाम सांभाळणाऱ्या बाईंची खोली आहे. स्वयंपाकघरात आईंना जरा थांबू द्या. त्या बघतील ते तुम्हाला-मला दिसायचं नाही. शेगडीपासून टेबलापर्यंत किती पावलं, पाणी कुठून, धूर कुठे. मग विचारा, इथून वर जेवणघरापर्यंत गरम वाढप कसं न्यायचं? घर मोठं ठेवायला रोज काय पडतं, त्याचा हिशेब त्यांच्या गुडघ्यांना लगेच कळेल.

त्याच मजल्यावर घरातली सगळ्यात विचित्र गोष्ट आहे, थंड पाण्याचा दगडी हौद. पायऱ्या उतरून आत जायचं आणि अंग बुडवायचं. त्या काळी इंग्लंडमध्ये थंड पाण्याच्या डुबकीचं वेड होतं, तब्येतीला चांगली म्हणून. घरातच असा हौद असणं ही चैन, आणि तो इतका धडका टिकलेला क्वचित बघायला मिळतो. आता गंमत बघा. इंग्लंडच्या थंडीत मुद्दाम गार पाण्यात उतरणारा हा माणूस जवळजवळ वीस वर्षं उष्ण बेटावर काढून आलेला होता. मी या हौदाच्या कडेला उभी राहून नेहमी तो भरणाऱ्याचा आणि बाजूला टॉवेल घेऊन उभं राहणाऱ्याचा विचार करते. मालकाच्या अंगावरची सगळी कामं करणारा एक माणूस या घरात होता. त्याचं नाव पेरो.

पेरोला जॉन पिनीने १७६५ साली विकत घेतलं. वय बारा. त्याच्याबरोबर त्याच्या दोन धाकट्या बहिणी, नॅन्सी आणि शिबा. त्याला केस कापायला, दाढी करायला, दात उपटायला शिकवलं. पिनी कुटुंब १७८३ साली नेव्हिस सोडून निघालं तेव्हा पेरो त्यांच्याबरोबर आला, बहिणी तिकडेच राहिल्या. नव्वदच्या दशकात मालकाबरोबर तो नेव्हिसला जाऊन आला. नंतर खंगला. १७९८ साली गेला, पंचेचाळिशीच्या आसपास. तेहेतीस वर्षांची चाकरी, आणि सुटकेचा कागद नाही.

त्याच्याच बरोबर आली होती फॅनी कोकर. तिची कथा वेगळी आहे, आणि दोघांना एकाच वाक्यात उरकू नये म्हणून मी तिच्यासाठी मुद्दाम थांबते. जन्म १७६७, माउंटट्रॅव्हर्सवरच, आई गुलाम. १७७८ साली, अकरा वर्षांची असताना, तिला मुक्त केलं गेलं. शिवणकाम शिकवलं गेलं. ब्रिस्टलच्या घरात ती मालकिणीची, जेन पिनीची, खास मोलकरीण आणि मुलांना सांभाळणारी. ब्रॉडमीडच्या बॅप्टिस्ट चर्चची ती सभासद झाली, म्हणजे या घराबाहेर तिचं स्वतःचं एक जग होतं. १८२० साली वारली, मालकानंतर दोन वर्षांनी. कागदावर मुक्त, आणि तरी आई तिकडे बेटावर. या घरात जी काही शिवण, रफू, इस्त्री झाली असेल त्यात तिचा हात होता. वर शयनगृहात पलंगाच्या चुणीदार पडद्यांपाशी पोचलात की तिची आठवण काढा.

एक खुलासा इथेच करते, कारण बाबा विचारतील. इंग्लंडमध्ये गुलाम ठेवता येत होता का? १७७२ साली सॉमरसेट खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला, की गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर पाठवता येणार नाही. पुष्कळांनी त्याचा अर्थ इथे पाय ठेवला की माणूस मोकळा असा लावला. निकालात तसं म्हटलेलं नव्हतं. पेरोसारखे लोक त्या मधल्या जागेत राहिले. शिवाय पळून जायचं तर मागे नेव्हिसला बहिणी होत्या. त्या मालकाच्याच ताब्यात.

आता तळमजला. इथे अभ्यासिका आहे, म्हणजे खरं तर पेढी. संग्रहालयातलं बरंच सामान त्या काळचं असलं तरी नंतर जमवलेलं आहे, पिनींचं नव्हे. पण या खोलीतलं लिहायचं कपाट मूळ घरातलं आहे. माझ्या मते हीच घरातली सगळ्यात महत्त्वाची खोली, आणि लोक इथेच सगळ्यात कमी थांबतात. जॉन पिनी कमालीचा हिशेबी होता. पत्रांच्या नकला, खातेवह्या, सगळं ठेवलेलं. ते कागद आज ब्रिस्टल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि पेरो काय, फॅनी काय, मळ्यावरची शेकडो माणसं काय, आपल्याला आज नावानिशी कळतात ती याच हिशेबीपणामुळे. मालकाने माणसं मालमत्ता म्हणून नोंदली, संशोधकांनी त्याच वह्यांतून ती माणसं म्हणून परत काढली.

बाबांना या खोलीत एक गोष्ट नक्की सांगा. ब्रिस्टलला आल्यावर पिनी मळेवाल्यापेक्षा अडत्या जास्त होता. जेम्स टोबिन या भागीदाराबरोबर त्याने पेढी काढली. नेव्हिसच्या इतर मळेवाल्यांची साखर इथे उतरवून घ्यायची, विकायची, त्यावर अडत घ्यायची; त्यांना लागणारं सामान पाठवायचं; हात आखडला की मळा गहाण घेऊन उचल द्यायची आणि व्याज लावायचं. पीक बुडालं, वादळ आलं, तरी व्याज चुकत नाही. आणि मळा गहाण म्हणजे जमीन, काहिली, बैल आणि माणसं, सगळंच गहाण. आपल्याकडे साखरसम्राट शब्द कारखान्याच्या चेअरमनला लावतात, पण साखरेत पैसा नेमका कुठल्या टप्प्यावर मुरतो हे सांगलीच्या माणसाला शिकवायची गरज नाही.

वरच्या बैठकीच्या खोल्या सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. मोठ्या सरकत्या खिडक्या, उंच छत, प्रमाणबद्धता अशी की खोलीत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो. मी व्यवसायाने या गोष्टींवर जीव टाकते आणि तुम्हीही खुशाल टाका. फक्त एक खेळ खेळा: या खोल्यांत साखर कुठे कुठे आहे ते शोधा. चहाच्या सरंजामात आहे, ते सोपं. साखर तेव्हा शंकूच्या आकाराच्या ढेपेत यायची आणि लोखंडी चिमट्याने तुकडे तोडायचे. आपल्या गुळाच्या ढेपेला अडकित्ता लावल्यासारखं. टेबल-खुर्च्यांत आहे: ते गर्द तांबूस लाकूड महोगनी, वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतलं, साखरेच्याच जहाजी वाटांनी आलेलं. भिंतीत आहे, कारण भिंत त्याच पैशाची.

इथवर आलो म्हणजे आपण तळघरातून पेढीत आणि पेढीतून दिवाणखान्यात आलो, श्रमाकडून पैशाकडे आणि पैशाकडून शोभेकडे. उलट्या क्रमाने गेलं की खुर्च्या-टेबलंच दिसतात.

आता तुमच्या मनातला दुसरा प्रश्न, जो तुम्ही लिहिला नाही पण बाबा विचारतील: 'त्या काळी सगळेच तसे होते ना?' मला हे वाक्य वाड्यांच्या कामातही ऐकू येतं. याच घरात त्याचं उत्तर आहे. १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झटणारा थॉमस क्लार्कसन ब्रिस्टलला येऊन धक्क्यावरच्या खलाशांकडून त्या व्यापाराची माहिती गोळा करत होता. १७९५च्या जूनमध्ये कवी कोलरिजने याच शहरात त्या व्यापाराविरुद्ध जाहीर व्याख्यान दिलं. त्याच वर्षी पिनीच्या मुलांचा मित्र म्हणून कवी वर्ड्सवर्थ या घरात राहिला, आणि दोन्ही कवींची पहिली भेट इथेच झाली असं मानतात. पिनीच्या मुलांनी वर्ड्सवर्थला डॉर्सेटमधलं कुटुंबाचं घर राहायला दिलं. इंग्रजी कवितेच्या इतिहासातल्या त्या मोठ्या वर्षांचं छप्परही साखरेचंच. भागीदार टोबिन गुलामगिरीच्या बाजूने पत्रकं छापत होता, आणि त्याचाच मुलगा तिच्या विरोधात. साखर न खाण्याची मोहीम १७९१पासून घराघरांत चालली होती; पुढे तर 'ही ईस्ट इंडीजची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही' असं लिहिलेली साखरदाणी लोक टेबलावर ठेवू लागले. ईस्ट इंडीज म्हणजे आपण. तेव्हा 'कुणाला कळतच नव्हतं' हे काही खरं नाही.

आणि पिनीलाही कळत होतं. त्याचा पुरावा मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. १८००च्या सुमारास टॉम वेजवुड नेव्हिसला जाणार होता. हा त्या प्रसिद्ध चिनीमातीवाल्या वेजवुडचा मुलगा. बापाने गुलामगिरीविरुद्ध बेड्यांतल्या माणसाचं पदक काढलेलं. पिनीने मळ्यावरच्या माणसाला लिहिलं, की पाहुण्यांसमोर कुणालाही मारू नका, आणि चाबकाचा आवाज त्यांच्या कानावर जाईल इतक्या जवळही मारू नका. मारू नका असं लिहिलेलं नाही. ऐकू जाऊ देऊ नका. हे वाचल्यापासून मला ग्रेट जॉर्ज स्ट्रीटच्या बैठकीतली ती नीरव शांतता निराळी ऐकू येते. आवाज न पोचेल इतक्या लांब बांधलेलं घर.

पुढच्या पिढीचं थोडक्यात. माउंटट्रॅव्हर्स मळा १८०८च्या सुमारास एडवर्ड हगिन्स नावाच्या माणसाला विकला गेला, आणि त्याने १८१० साली बेटावरच्या भर बाजारात माणसांना चाबकाने फोडून काढलं. जॉन पिनी १८१८ साली वारला. धाकटा मुलगा चार्ल्स, जन्म १७९३. तो १८३१ साली ब्रिस्टलचा महापौर होता, आणि नेमके त्याच ऑक्टोबरात मताधिकाराच्या मागणीवरून शहरात दंगे पेटले. क्वीन स्क्वेअर हा चौक जळाला, महापौरसाहेब छपरांवरून निसटले. कर्तव्यात कसूर केली म्हणून खटला झाला, त्यातून सुटले. मग १८३३चा कायदा आला, गुलामगिरी संपली, आणि सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना, आणि ज्यांच्याकडे मळे गहाण होते त्यांना. चार्ल्सची पेढी त्या यादीत आहे. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे अंश ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडले. तुम्ही तेव्हा इथे नोकरीला असाल तर तुमच्याही पगारातून कापलेला कर त्यात गेलाय. मी होते, माझा गेलाय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने भरपाई घेणाऱ्यांची सगळी यादी फुकट खुली केली आहे; इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या घराचं काम हाती आलं की मी मालकाचं नाव आधी तिथे घालून बघते.

ऊस मात्र थांबला नाही. मळ्यांना माणसं हवीच होती, ती कराराने नेली, आणि त्यात हिंदुस्थानातून लाखो गेले. मॉरिशसच्या उसात कोकणातून गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं आजही गणपती बसवतात आणि स्वतःला मराठी म्हणवतात. आई-बाबांना ही साखर 'त्यांची' वाटत असेल, तर हा धागा त्यांच्या हातात द्या.

तर तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: सांगा. सगळं सांगा, पण घराच्या दारात उभं करून भाषण देऊ नका, नाहीतर पुढे ते एकही खोली बघणार नाहीत. गुलाम हा शब्द पहिल्या वाक्यात आणू नका, पेरो हे नाव आणा. आणि आधी बाबांना गुऱ्हाळाबद्दल बोलू द्या. माझ्या वडिलांना मी हे घर दाखवलं तेव्हा सुरुवातीपासून मीच बोलत होते, ते नुसते मान हलवत राहिले आणि संध्याकाळी म्हणाले, "घर चांगलं होतं, तू फार बोललीस."

घरातून निघालात की पार्क स्ट्रीटने खाली उतरा. चढ टळतो आणि क्रमही बरोबर लागतो. कॉलेज ग्रीन ओलांडून बंदराकडे गेलं की पेरोज ब्रिज लागतो, १९९९ सालचा पादचारी पूल, वर दोन मोठी शिंगं असल्यासारखा. जॉन पिनीच्या नावाचा पूल नाही, पेरोच्या नावाचा आहे. याच पुलाजवळ ७ जून २०२० रोजी लोकांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा ओढत आणून पाण्यात ढकलला. पूल ओलांडून पाच-सात मिनिटांत क्वीन स्क्वेअर, जिथून चार्ल्सला पळावं लागलं. तिथे बाकं आहेत, झाडं आहेत, गुडघ्यांना विसावा. डबा नेला असेल तर तिथेच उघडा.

आणि तिथे बसल्यावर बाबांना माझ्यातर्फे एक विचारा. वाऱ्यावर फिरणारा तीन उभ्या रुळांचा चरक, ऊस दोनदा घातलेला, काहिली उघड्या, जाळ चिपाडांचा: साखरेचा उतारा किती टक्के पडत असेल? माझ्या आजोबांना विचारायचं राहून गेलं. बाबा जो आकडा सांगतील तो इथे लिहा.